मी तिची पाठराखीण

पूर्वी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत कुणीतरी जायचं. आजी, आत्या, नाहीतर धाकटी बहीण. चार दिवस राहायचं, नवरीला नव्या घरात एकटं वाटू द्यायचं नाही आणि परत यायचं. तिला पाठराखीण म्हणतात. 2024 मध्ये बायकोला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची ऑफर आली आणि मीही बॅग भरतोय हे कळल्यावर आजीने एका वाक्यात माझं डेसिग्नेशन ठरवून टाकलं, ''म्हणजे तू तिची पाठराखीण की रे!''

व्हिसाच्या भाषेत याला 'डिपेंडंट' म्हणतात. मला विचाराल तर आजीचा शब्द लाखपटीने बरा. पाठराखिणीला निदान मान असतो, तिची ओटी भरतात. डिपेंडंटला फक्त फॉर्म भरावा लागतो.

गंमत बघा. पुण्यात दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी ऑनसाइटला गेलेलं असतं. जाणारा नवरा असेल तर ''अभिनंदन! पेढे कधी?'' बायकोच्या नोकरीचं काय, हे विचारायचं कुणाला सुचतही नाही. आणि जाणारी बायको असेल तर? अख्ख्या सोसायटीला तोच एक प्रश्न पडतो. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीला. ''मग तुझं काय रे?'' मावशी तर म्हणाली, ''बायकोच्या मागे जातोस? त्यापेक्षा घरजावई झालेलं परवडलं, निदान डेक्कनला राहशील!''

पण मंडळी, प्रश्न बरोबरच आहे. फक्त तो चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारायचा आणि एचआरला विचारायचा. पॅकेज किती, घरभाडं कोण देणार, बिझनेस क्लास की इकॉनॉमी, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच. सोबत येणाऱ्या माणसाला तिथे नोकरी करता येईल का?

उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. मे 2015 पर्यंत त्यावर नोकरी करायची सोयच नव्हती. इंजिनीअर, डॉक्टर, सीए मुली न्यू जर्सीत घरी बसून मॅरेथॉन पोळ्या लाटत होत्या. त्यानंतर दार किलकिलं झालं, पण सरसकट नाही. जोडीदाराची ग्रीन कार्डाची फाइल एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच, आणि त्याचाही वेगळा अर्ज. सिंगापूरमध्ये उलटा प्रवास झाला. तिथे डिपेंडंट पासवाल्यांना आधी साध्या संमतीपत्रावर नोकरी करता यायची. मे 2021 पासून बहुतेकांना स्वतःचा वर्क पास लागतो. नेदरलँड्स या बाबतीत दिलदार. हायली स्किल्ड मायग्रंटच्या जोडीदाराच्या कार्डावरच लिहिलेलं असतं की याला कुठलंही काम करायची मोकळीक आहे, वेगळा परवाना नको. शिवाय लग्न झालेलं नसलं तरी चालतं, नातं पक्कं असल्याचं दाखवावं लागतं. (आईला हे शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलेलं नाही.)

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहायला बसलो तर अंक संपेल. लग्नाचं सर्टिफिकेट आणि जन्माचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल हवं. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. जन्माचा दाखला आजच कपाटातून काढून बघा. आपल्या वयाच्या कित्येकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. नाव दाखल करून घ्यायला वेळ लागतो. आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवून 'यावर तारीख आहे की' असं डच क्लार्कला पटवता येत नाही. तिथल्या महापालिकेत नोंद झाली की बीएसएन नावाचा नंबर मिळतो. त्याच्याशिवाय पगार नाही की हेल्थ इन्शुरन्स नाही. आणि इन्शुरन्स कम्पल्सरी, माणशी वेगळा. घरात बसलेल्या पाठराखिणीचाही हप्ता दर महिन्याला जातो!

आता खरी गोष्ट. परवानगी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. मी पुण्यात एका जाहिरात कंपनीत कॉपीरायटर होतो. म्हणजे माझं भांडवल काय, तर भाषा. तेच विमानतळावर उतरल्या क्षणी बाद झालं. हिचं बरं. आइंडहोव्हनच्या शेजारी वेल्डहोव्हनला एएसएमएल आहे, जगभरातल्या चिप कारखान्यांना यंत्रं पुरवणारी. आजूबाजूला तिच्यावर जगणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्या आहेत. तिथे सगळा कारभार इंग्रजीत. माझ्या लायनीत मात्र प्रत्येक उत्तराचा शेवट ठरलेला : डच येत असेल तर पुन्हा संपर्क साधा. मग लावला क्लास. एक सांगू? मराठी माणसाला डच उच्चार सोपे जातात. त्यांचा 'ग' घशातून खरवडून काढायचा असतो. आमच्या वर्गातला इटालियन रडकुंडीला आला होता, मला फक्त आजोबांचा सकाळचा खोकला आठवावा लागला.

पण भाषेपेक्षा अवघड होतं ते पैशाचं. बाहेरून दिसत नाही हे. बारावीनंतरच्या सुट्टीपासून मी कमावतोय. आणि आता चौतिसाव्या वर्षी केस कापायला जायचं तर बायकोचं कार्ड! ती काही म्हणायची नाही. तेच जास्त टोचायचं. मग मी केस वाढवायला लागलो आणि विचारलं की म्हणायचो, लुक आहे. तिसऱ्या महिन्यात तिनेच विषय काढला. ''अरे, तू मागत नाहीस आणि मला द्यायचं सुचत नाही, याला काही अर्थ आहे का?'' मग आम्ही ठरवलं. भाडं, किराणा, इन्शुरन्स जॉइंट अकाउंटमधून. आणि पगाराच्या दिवशी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यात सारखीच रक्कम आपोआप. तिलाही तेवढीच, मलाही तेवढीच, हिशेब विचारायचा नाही. ट्रान्स्फरच्या कारणाच्या रकान्यात बाईसाहेबांनी 'ओटी' असं लिहिलंय. दर महिन्याला स्टेटमेंटमध्ये येतं!

ज्या कुणाला हा कॉलम वाचून सामान बांधायचंय त्यांनी एवढं तरी उचलाच. हे तिथे गेल्यावर नाही, इथेच ठरवा.

डच लोकांचं एक मात्र मानलं. तिथे अर्धवेळ नोकरी करणं हा काही कमीपणा नाही, पुरुषांनाही नाही. आठवड्यातला एक दिवस बाप घरी राहून पोरं सांभाळतो, त्याला 'पापादाख' असा चक्क शब्द आहे. त्यामुळे बुधवारी दुपारी बाजारात पिशवी घेऊन फिरणाऱ्या माझ्याकडे कुणी वळूनही बघायचं नाही. बघायचे ते व्हिडिओ कॉलवर आपलेच काका. ''काय रे, आज सुट्टी?''

टॅक्सचीही एक भानगड आहे, जरा लक्ष द्या. परदेशातून घेतलेल्या कर्मचाऱ्याला, पगाराची अट पुरी होत असेल तर, पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळू शकतो, जास्तीत जास्त पाच वर्षं. 2027 पासून तो आकडा 27 टक्के ठरला आहे. यातली मेख 'परदेशातून' या शब्दात. जोडीदार म्हणून तिथे राहायला गेलात आणि मग नोकरी मिळाली, तर ही सवलत सहसा हातची जाते. आमच्या ओळखीच्या एका मुलीने औंधच्या फ्लॅटमध्ये बसून इंटरव्ह्यू दिले, करारावर सही केली आणि मगच नवऱ्यामागोमाग विमान पकडलं. चार महिने उशीर, पण सवलत खिशात. माझ्या वाट्याला एवढंच आलं की हिच्या सवलतीमुळे मलाही परीक्षा न देता भारतीय लायसन्स बदलून डच लायसन्स मिळालं. पाठराखिणीचा मान, दुसरं काय!

आणि एक विषय असा की जो काढला की घरात 'अभद्र बोलू नकोस' म्हणतात. माझं कार्ड हिच्या कार्डाला बांधलेलं आहे. हिची नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण तीन महिने, दोघांनाही. आमचंच बिनसलं, तर माझ्या राहण्याचा आधारच गेला. आम्ही हे एकदा बोललो, एका रविवारी, चहा गार होईपर्यंत. त्यानंतर एक छोटी एफडी फक्त माझ्या नावावर झाली. परतीचं तिकीट आणि सहा महिन्यांचं पुण्यातलं भाडं निघेल एवढी. ती मोडायची वेळ येईल असं दोघांनाही वाटत नाही. पण ती आहे म्हणून मी भांडण झालं की मोकळेपणाने भांडू शकतो!

अकराव्या महिन्यात मला नोकरी मिळाली. यंत्रांची मॅन्युअल्स इंग्रजीत लिहायची, आठवड्यातून तीन दिवस. जाहिरातीत मी साबण 'स्वप्नासारखा मऊ' करायचो, आता 'स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवा' लिहितो. पगार हिच्या निम्म्याहून कमी. पण बीएसएन माझा, खातं माझं. पहिल्या पगारात केस कापले.

गेल्या महिन्यात हिच्या कंपनीने विचारलं, सिंगापूरला दोन वर्षं जाल का? मोठी पोस्ट, मोठा पगार, तीन तासांत कुठेही समुद्र. मी जेवताना काहीच बोललो नाही. हिने जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि एचआरला मेल टाकला. एकच ओळ : नवऱ्याच्या वर्क पासचं काय करणार?

उत्तर अजून यायचंय.