पावसाआधी एकदा रस्ता पायी पाहा
जामसर आणि जव्हार-मोखाड्यातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

जामसरच्या एखाद्या पाड्यावर जुलैतल्या रात्री बाईला कळा सुरू झाल्या की तिचा प्रवास ठरलेला असतो. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायवाट, मध्ये एखादा ओहळ, पुढे गाडीने जामसरचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि गुंतागुंत झालीच तर नाशिक किंवा ठाणे. यातला एक दुवा निखळला की पुढचे सगळे असून नसल्यासारखे होते. डॉक्टर जागेवर, रुग्णवाहिका डिझेल भरून तयार, आणि मधला ओहळ छातीला लागलेला.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशीच्या मरकटवाडीत दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या मातेची जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर चिखलातून, दगडगोट्यांवरून न्यावे लागले. बातमी राज्यभर गाजली. तो दिवस कुठल्या मोठ्या आपत्तीचा नव्हता, पावसाळ्यातला नेहमीचाच दिवस होता. साध्या पावसात वाटेची ही गत होत असेल, तर ढगफुटीत किंवा दरड कोसळल्यावर काय होईल, याचा विचार आत्ताच करायला हवा.

म्हणून हे आवाहन आहे. मे संपण्याआधी प्रत्येक पाड्याने आपला रस्ता घरापासून जव्हारपर्यंत पायी पाहावा, त्यावरच्या कच्च्या जागा वहीत लिहाव्यात, आणि पहिली वाट बंद पडली तर दुसरी कोणती हे ठरवून ती वाट पावसाआधी मोकळी करावी.

रस्त्यांचे दुबळेपण ही फक्त डोंगरातल्या लोकांची अडचण आहे, असे मात्र नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद केली. मुंबईत रस्त्यांना तोटा नाही, एक बंद तर दहा दुसरे. तरीही शहर जागच्या जागी थांबले, कारण सखल जागा भरल्यावर उरलेल्या रस्त्यांवर सगळ्यांनी एकाच वेळी गाड्या घातल्या. काही जण बंद मोटारीत गुदमरून मेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळुरू महामार्गावर आले आणि देशातला एक मोठा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. शहरात वाटा असतात, पण त्या तुंबतात. जामसरसारख्या गावाला मुळात वाटच एक असते. तुटण्याची तऱ्हा वेगळी, पण दोन्हीकडे रस्ता तुटतो तो ठरावीक जागीच.

ती जागा बहुतेक वेळा पुलाची असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने माणसांसह वाहून गेली. मुंबई-गोवा महामार्गाचे शेकडो किलोमीटर त्या रात्री धड होते, नव्हता तो एवढाच तुकडा. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर काम होते. पण ते मनावर घेण्याआधी नदीने किती घरे उजाड केली, हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको.

केरळमधले वायनाडही असेच. ३० जुलै २०२४ च्या पहाटे दरडी कोसळल्या आणि चूरलमला ते मुंडक्कई जोडणारा पूल वाहून गेला. पलीकडच्या माणसांना दोरांच्या आधाराने आणावे लागले. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १ ऑगस्टपर्यंत १९० फुटांचा बेली पूल उभारला, तेव्हा कुठे यंत्रे पलीकडे गेली. त्या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्याच अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या. रायगडमधल्या इर्शाळवाडीला मात्र गाडीरस्ताच नव्हता. जुलै २०२३ मध्ये तिथे दरड कोसळली तेव्हा यंत्रे वर चढवता आली नाहीत. बचाव पथके चिखलातून डोंगर चढून गेली आणि कुदळ-फावड्याने ढिगारा उपसत राहिली.

जव्हारचा नकाशा समोर धरला तर धास्ती वाटावी असाच आहे. रस्त्याचा एक हात विक्रमगडवरून मनोरकडे उतरतो, दुसरा मोखाड्यावरून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरकडे चढतो. पावसाळ्यात इथे साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो सगळा उतारावरून धावत सुटतो. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाच्या हादऱ्यांची मालिकाच लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. अशा धक्क्यांनी कड्यातला एखादा दगड सैल झाला असेल, तर पुढच्या पावसात पाणी त्याच फटीत शिरते. घाटात काम करणाऱ्या, गुरे चारणाऱ्या, रोज शाळेला जाणाऱ्या माणसांना असा सैल दगड सर्वात आधी दिसतो. त्यांनी तो पाहून गप्प बसू नये.

रस्ता पाहायला निघताना चार-पाच जणांनी मिळून जावे. त्यात एक तरी म्हातारे माणूस असावे, कारण पाणी कुठवर चढले होते हे त्यालाच ठाऊक असते. मोरीपाशी थांबून खाली उतरावे. वरून पाहून काही कळत नाही. वरच्या अंगाला नळाच्या तोंडाशी सागाची पाने, वाहून आलेल्या फांद्या, वेफर्सची पाकिटे, बाटल्या आणि बांधाची माती यांचा बोळा घट्ट बसलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात पाण्याला नळातून वाट मिळत नाही, ते तुंबते, रस्त्यावर चढते आणि खालच्या अंगाला कोसळते. तिथली माती खरवडत ते भरावाच्या पोटात शिरते. वर डांबर शाबूत, खाली पोकळी. सकाळी माणसांनी भरलेली जीप त्याच डांबरावर येते. तो बोळा मे महिन्यात काढायला चार माणसे, दोन घमेली, एक फावडे आणि एक सकाळ पुरते.

फरशी पुलांवर आणखी एक काम करावे. दोन्ही टोकांना पाण्यातून वर दिसेल असा खांब रोवून त्यावर गुडघ्याच्या उंचीला लाल पट्टा मारावा. वाहते पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट माणसाचाही तोल जातो, आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. पट्टा बुडाला की कोणीही पलीकडे जायचे नाही, मग शाळेची परीक्षा असो की बाजार. जीपवाल्यांनी हे स्वतःहून पाळावे, आणि गाडीतल्यांनी त्यांना घाई करू नये. जव्हारला, दाभोसा धबधब्याला शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना गावातल्या पोरांनी अडवले तर त्यांनीही ते ऐकावे. अरुंद रस्त्यावर आडव्या लावलेल्या त्यांच्या गाड्यांमागे एखादी १०८ रुग्णवाहिका अडकलेली असू शकते.

वहीत काय लिहायचे? प्रत्येक मोरी, फरशी, साकव आणि दरडीची जागा. ती कुठल्या पाड्यापाशी आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे काय झाले. ती जागा बंद पडली तर किती घरे तुटतात. आणि तिथून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात मोलाचे. ज्या मोरीवर एका घराची वाट आहे आणि जिच्यावर सहा पाड्यांची वाट आहे, त्या दोन्ही सरकारी कागदावर सारख्याच दिसतात. कुठली आधी दुरुस्त करायची हे गावानेच दाखवून द्यावे लागते.

दुसरी वाट बहुधा जंगलातून जाते, आणि तिथेच लोक हात टेकतात. तसे करू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्त्यासह तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. अट अशी, की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट होती. त्याहून लहान पाडे तेव्हापासून मागे राहिले. म्हणून लहान पाड्यांनी एकेकट्याने अर्ज करत बसण्यापेक्षा एकाच वाटेवरच्या सगळ्या पाड्यांनी मिळून मागणी करावी.

रस्ता होईल तेव्हा होईल, माणसे आधी हलवता येतात. गावातल्या आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असते. जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या, ओहळापलीकडे राहणाऱ्या बायांना आठ-दहा दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवावे. दुर्गम भागातल्या बायांसाठी आरोग्य केंद्रात माहेरघराची सोय करण्याची योजना राज्यात आहे. आपल्या केंद्रात ती सुरू आहे का हे आत्ताच विचारावे. नसेल तर डांबरी रस्त्याकडेच्या नातेवाइकाचे घर ठरवावे. शेतीची कामे, घरातली पोरे, गुरे यांच्यामुळे बाई निघायला तयार नसते. तिच्या वाट्याची लावणी शेजाऱ्यांनी उरकून द्यावी आणि सासूने तिला स्वतः पोचवावे. डायलिसिसला, टीबीच्या औषधांना नियमाने जाणाऱ्यांचाही असाच विचार व्हावा.

वही पूर्ण झाली की ती ग्रामसभेत वाचावी. पेसा कायद्याखालच्या या भागात पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तेव्हा जामसरच्या मोठ्या सभेची वाट पाहण्याची गरज नाही. ठरावात रस्ता कोणाचा हे स्पष्ट लिहावे: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की वनखात्याच्या हद्दीतला. हे न लिहिल्याने अर्ज वर्षानुवर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. एक प्रत तहसील कार्यालयाला, एक रस्ता ज्यांचा त्यांना द्यावी आणि दोन्हींवर तारखेसह पोच घ्यावी. पोचेची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. तिच्याशेजारी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्या टेकडीवर मोबाइलला रेंज येते त्या टेकडीचे नाव, ही तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहावीत.