पहानीत नाव कुणाचं?

बेला, जैनथ, तलमडुगू, बोथ या तेलंगणातल्या आदिलाबादच्या पट्ट्यात शेताचा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी विचारतं, "पहानीत नाव कुणाचं आहे?" सोयरीक जुळवताना हा प्रश्न येतो, वाटणीच्या बैठकीत येतो, बँकेत तर येतोच. पहानी म्हणजे शेत कुणाच्या नावावर आणि कुणाच्या कब्ज्यात आहे हे सांगणारा महसुली कागद. मग घरातला शिकलेला पोरगा मी-सेवा केंद्रात जातो, सर्व्हे नंबर सांगतो आणि कागद घेऊन येतो. कागदावर बापाचं नाव दिसलं की सगळे निर्धास्त होतात. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची. तो कागद आजची स्थिती सांगतो. मागच्या सत्तर वर्षांत कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं उतरलं, हे त्यावर नसतं. भांडण उभं राहतं ते बहुतेक वेळा त्या वर्षांवरूनच.

आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद राज्यातला जिल्हा. आजही इथल्या जमिनीचा वाद कोर्टात गेला की वकील सगळ्यात आधी १९५४-५५ची खसरा पहानी मागतो. १३५८ फसलीच्या हैदराबाद हक्क नोंदणी विनियमाखाली ती साऱ्या राज्यात तयार झाली आणि कोर्टात तिला हक्कनोंदणीचं वजन आहे. राजुरा आणि किनवट तेव्हा आदिलाबादमध्येच होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते पलीकडे, आजच्या महाराष्ट्रात, गेले, म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचा जुना कागद एकाच नमुन्याचा निघतो. तिकडचे लोक पुढे सातबाऱ्याचे झाले, इकडचे पहानीचे राहिले.

तो जुना कागद एकदा नीट बघावा. रुंद पान, कडा फाटलेल्या, मजकूर बहुधा उर्दूत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, मग पट्टेदाराचं नाव आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष कब्जा कुणाचा ते. या दोन नावांत फरक दिसला की थांबायचं. पट्टेदार एक आणि कसणारा दुसरा असेल, तर तो दुसरा संरक्षित कूळ असू शकतो. हैदराबादच्या १९५०च्या कूळ कायद्यानं अशा कुळांना मोठे हक्क दिले होते आणि त्यांचं रजिस्टर वेगळं असतं, तेही मागून बघावं लागतं. वर वर्ष १३६४ लिहिलेलं असेल तर घाबरू नका. ते फसली साल आहे, त्यात ५९० मिळवले की १९५४ येतं. क्षेत्राच्या रकान्यात ३.२० असेल तर त्याचा अर्थ तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर. तीन पूर्णांक दोन दशांश एकर असा हिशेब करून सौदा करणारे लोक मी पाहिले आहेत. तेच शेत किनवटच्या बाजूला असतं तर सातबाऱ्यावर सुमारे १.४२ हेक्टर दिसलं असतं. व्याही सीमेच्या एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, अशा घरांत हा गोंधळ होतोच.

खसऱ्याच्या मागे सेतवार आहे. जमाबंदी झाली तेव्हा गावातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकार ठरला, त्याचं ते मूळ दफ्तर. खसऱ्याच्या पुढे १९५५ ते ५८ची चेसाला पहानी, मग दरवर्षीच्या पहान्या, आणि मंजूर झालेले बदल फैसल पट्टीत. ही साखळी कुठे तुटली ते शोधणं हेच खरं काम. नकलेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. आपल्याकडे अजून सगळे त्याला एमआरओ ऑफिसच म्हणतात. अर्जात गाव, सर्व्हे नंबर त्याच्या पोटहिश्श्यासकट, कोणत्या वर्षाचा कोणता कागद, हे सगळं स्पष्ट लिहायचं. नुसतं 'जुने रेकॉर्ड द्यावे' असं लिहिलं की अर्ज हमखास परत येतो.

कागद सापडत नाही याला कारणंही आहेत. १९८४ साली एन. टी. रामारावांच्या सरकारनं पटेल-पटवारी पद्धत बंद केली आणि गावोगावच्या घरांत असलेली दफ्तरं सरकारात आणण्याचा खटाटोप सुरू झाला. सगळी आली असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. लगेच पुढच्या वर्षी तालुके मोडून मंडलं झाली. २०१६च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. म्हणून आज मंडल कोणतं हे माहीत असून भागत नाही, आजोबांच्या काळी गाव कोणत्या तालुक्यात होतं तेही अर्जात लिहा. रेकॉर्ड नाही असं खिडकीवर तोंडी सांगितलं तर निघून येऊ नका, ते लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर ठरलेलं शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि 'उपलब्ध नाही' हे सही-शिक्क्याचं उत्तरसुद्धा पुढे कामाला येतं.

पहानीनं खरेदी-विक्रीचा सगळा व्यवहार कळत नाही. त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडची ईसी, म्हणजे बोजा दाखला, लागतो. १९८३ पासूनचे नोंदणी झालेले व्यवहार संगणकावर पाहता येतात, त्याआधीचे हातानं शोधून घ्यावे लागतात. पण साध्या कागदावर, दोन पंचांच्या सह्यांनी झालेला सादा बैनामा ईसीत येत नाही, आणि आपल्या खेड्यांत कित्येक शेतं अशाच कागदावर हातोहात फिरली आहेत. तो पिवळा पडलेला कागद घरात असेल तर त्याच्या चार प्रती काढून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी ओळखीच्या दलालाच्याही नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्या मराठी माणसाला ऐकायला आवडत नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा सगळा अनुसूचित भाग. १९४० साली जोडेघाटला गोंड नेता कोमराम भीम मारला गेला तो जल-जंगल-जमिनीच्या लढ्यात. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इथे आणलं, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो गोंड-कोलाम कुटुंबांच्या नावे पट्टे झाले. त्या जमिनी नंतर बाहेरून आलेल्यांच्या हातात गेल्या. त्या बाहेरच्यांत मराठवाड्यातून आलेले आपले लोक थोडे नव्हते. १९५९चा जमीन हस्तांतरण विनियम आणि त्यावरची १९७०ची दुरुस्ती, जिला सगळे 'वन-सेव्हंटी' म्हणतात, तिनं अनुसूचित गावातली जमीन आदिवासीखेरीज कुणालाही देणं रद्दबातल ठरवलं. विकणारा बिगरआदिवासी असला तरीही. नांदेड-यवतमाळहून स्वस्तात शेत घ्यायला येणाऱ्याला पहानी दाखवली जाते, गाव अनुसूचित आहे हे सांगितलं जात नाही. ते आधी विचारा. आणि आपल्याच जुन्या पहानीत मूळ पट्टेदार गोंड निघाला, तर त्याच्या वारसांसमोर ताठ मानेनं उभं राहता येईल का, याचा विचार घरात बसून करावा.

तेलंगणातलं केरामेरी आणि महाराष्ट्रातली जिवती यांच्या मधल्या डोंगरावरची चौदा गावं याहून अवघड जागी आहेत. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा इथले लोक दोन्ही राज्यांत मतदान करत आले आहेत, दोन्हीकडच्या योजना घेतात. पण पायाखालच्या जमिनीचा पक्का कागद कित्येकांकडे दोन्हीपैकी एकाही राज्याचा नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते मात्र २०१७ नंतर जे घडलं ते. त्या सप्टेंबरात तेलंगण सरकारनं भूमी अभिलेखांची शुद्धीकरण मोहीम काढली. हेतू चांगला होता आणि लाखो शेतकऱ्यांना नवी पासबुकं मिळाली. वादाच्या जमिनी 'पार्ट बी'त गेल्या आणि अनेक वर्षं तिथेच अडकल्या. २०२०च्या सप्टेंबरात गावपातळीवरचे व्हीआरओ रद्द झाले, २९ ऑक्टोबरला धरणी हे भूमी अभिलेखांचं पोर्टल सुरू झालं. खरेदीखत तहसीलमध्ये आणि नावही तिथल्या तिथे लागणार, ही सोय मोठी होती. पण एखादं चुकीचं अक्षर किंवा चुकीचा गुंठा दुरुस्त करायला माणसाला जिल्हाधिकाऱ्याकडे नाहीतर दिवाणी कोर्टात जावं लागलं. २०२५च्या एप्रिलपासून भू-भारती कायदा आला, त्यात अपिलाच्या पायऱ्या परत आल्या, हे बरं झालं. धरणीत अडकलेल्यांनी आता हातपाय हलवावेत.

पण या साफसफाईत एक रकाना गळाला. पूर्वीच्या पहानीत पट्टेदाराच्या पुढे अनुभवदाराचं, म्हणजे प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव असायचं. ते गेलं. २०१८च्या मे महिन्यात रयतू बंधू सुरू झालं, तेव्हा एकरी चार हजार रुपये दर हंगामाला, आणि ते पट्टेदाराला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून रयतू विमा, शेतकरी गेला तर घरच्यांना पाच लाख, तोही पट्टेदारालाच. म्हणजे बटईनं किंवा मक्त्यानं कापूस लावणारा, बियाण्याचं कर्ज काढणारा, बोंडअळीनं बुडणारा माणूस मेला तर सरकारच्या लेखी शेतकरी मेलेला नसतो. जैनथकडचा एक बटईदार मला म्हणाला होता, "भाऊ, वावर मी वाहतो, पण कागदात मी दिसतच नाही." कर्जासाठी दर हंगामात तो कृषी केंद्रवाल्याच्या दारात उभा असतो, कारण बँकेत दाखवायला त्याच्याकडे काही नाही. नवऱ्याच्या पश्चात दिराच्या नावावरचं शेत कसणाऱ्या बायांचीही हीच गत. पलीकडे महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो आणि पीक तरी सातबाऱ्यावर चढतं. तिकडे बटईदाराचं सगळं सुरळीत आहे असं नाही. पण इकडे कसणाऱ्याला कागदावर यायला जी जागा होती तीही गेली, आणि ही चूक दुरुस्त झालीच पाहिजे.

२०११ साली, अविभाजित आंध्रात, परवानाधारक शेतकऱ्यांसाठी एक कायदा झाला. बटईदाराला वर्षापुरतं कर्जपात्रता कार्ड द्यायचं, त्यावर त्याला बँकेचं पीककर्ज मिळावं, मालकाच्या मालकीला मात्र धक्का लागू नये, अशी त्याची रचना. मालक पट्टा जाईल म्हणून घाबरतो, म्हणून कायद्यातच ती हमी आहे. तेलंगणात हा कायदा कागदावर राहिला. पेरणीच्या आधी गावात ग्रामसभा भरते तेव्हा बटईदारांनी एकत्र येऊन या कार्डांची लेखी मागणी करावी, तहसीलमध्ये अर्ज द्यावेत, तारखेची पोच घ्यावी. आणि ज्यांच्या नावावर पट्टा आहे त्या मालकांनी त्या अर्जावर 'माझी हरकत नाही' एवढं लिहून सही करावी.