बाळासाठी दही कोणते? कपाची पुढची नव्हे, मागची बाजू वाचा

एप्रिल 2024 मध्ये 'पब्लिक आय' या स्वित्झर्लंडमधील संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे 3 ग्रॅम वरून घातलेली साखर होती. नेस्ले कंपनी जर्मनी आणि ब्रिटनमध्ये मात्र तेच अन्न बिनसाखरेचे विकत होती. देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने रिफाइंड साखर नसलेले प्रकार आणत असल्याचे जाहीर केले.

तेव्हापासून अनेक पालक डब्यावरची साखर तपासू लागले, हे चांगलेच झाले. पण साखर आता दुसऱ्या दाराने घरात येते. केडगावच्या माझ्या दवाखान्यात सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आया विचारतात, "डॉक्टर, घरचं दही आंबट लागतं, स्ट्रॉबेरीचं योगर्ट दिलं तर चालेल ना? त्यात कॅल्शियम असतं."

कॅल्शियम असते, हे खरे. पण ते साध्या दह्यातही असतेच. योगर्टच्या कपात जास्तीचे काय आहे, ते पाहू.

कायदा कुठे थांबतो?

बाळांच्या अन्नाबाबत आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाची जाहिरात करता येत नाही, वेष्टनावर बाळाचे चित्र छापता येत नाही. फळांच्या चवीचे योगर्ट मात्र 'सर्वांसाठी' विकले जाते. त्यामुळे त्यावर कार्टून असू शकते, मोठ्या अक्षरांत फळांची नावे असू शकतात. कागदोपत्री ते बाळाचे अन्न नाही. घरात मात्र ते बाळाच्याच वाटीत जाते.

साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2024 मध्ये मान्यता दिली. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला इशारा असावा या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले. हे सगळे हवेच. पण तुमचे बाळ आज जेवते आहे, आणि मागच्या बाजूचा तक्ता आजही वाचता येतो.

तक्ता कसा वाचायचा?

'ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली साखर. ती ओळ शोधा. बाळासाठी तिथे शून्यच हवे.

'टोटल शुगर' पाहून मात्र घाबरू नका. साध्या दह्यातही 100 ग्रॅममागे साधारण 4 ते 5 ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते. गोड, फळांच्या चवीच्या दह्यात हा आकडा अनेकदा 12 ते 15 पर्यंत जातो. मधला फरक बहुतेक साखरेचाच, म्हणजे जवळजवळ दोन चमचे.

घटकांच्या यादीत दूध आणि विरजण एवढेच असेल तर उत्तम. 'लो फॅट' दही दोन वर्षांखालील बाळाला नको. वाढीसाठी त्याला स्निग्धांश लागतो. 'प्रोबायोटिक' लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

एवढ्याशा साखरेने काय होते?

दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. नव्या दातांना ती वाईट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाळाला गोडाची सवय लागते आणि मग भाजी-वरण ते तोंडाबाहेर काढते. पोट लहान; ते गोडाने भरले की जेवणाला जागा उरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 6 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी फक्त सुमारे 11 टक्के बाळांना पुरेसा आहार मिळतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जवळपास 69 टक्के मुलांत रक्त कमी आहे. दह्यात लोह जवळजवळ नसते, म्हणून दही कितीही चांगले असले तरी ते जोडीचे अन्न आहे. डाळ, नाचणी, पालेभाजी आणि तुमच्याकडे चालत असेल तर अंडे, यांची जागा दह्याने घेऊ नये. प्रत्येक घासाला दही नको; दिवसातून एखाद्या वेळी पुरे.

घरी काय कराल?

- गवळ्याकडचे सुटे दूध नीट उकळून घ्या. पिशवीचे असेल तर फुल क्रीम किंवा गाईचे घ्या, डबल टोन्ड नको.
- दूध कोमट झाल्यावर स्वच्छ चमच्याने विरजण लावा. दही लागले की आंबट होण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा. बाळाला त्याच दिवशीचे ताजे दही द्या.
- सहा महिने पूर्ण झाल्यावर एक-दोन चमच्यांनी सुरुवात करा. आईचे दूध चालूच ठेवा.
- गोडवा हवा तर पिकलेले केळे किंवा चिकू कुस्करून घाला. साखर, गूळ, मीठ नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. श्रीखंड आणि दही-साखर मोठ्यांसाठी राहू द्या.

दह्याने सर्दी होते, ही भीती सोडा. सर्दी विषाणूंमुळे होते. फ्रिजमधले दही थोडा वेळ बाहेर ठेवून द्या, एवढेच.

डॉक्टरांकडे कधी जाल?

दही दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, वारंवार उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसले तर दही थांबवा आणि बाळाला दाखवा; दुधाची ॲलर्जी असू शकते. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

बाकी बाळांसाठी उत्तर सोपे आहे. आंबट चवीला बाळ पहिल्यांदा तोंड वाकडे करते, म्हणजे त्याला ती आवडत नाही असे नाही. दोन दिवसांनी पुन्हा एक चमचा देऊन पाहा. नवी चव पटायला बाळाला आठ-दहा वेळाही लागू शकतात.