दवाखान्याच्या दारात हक्क हवा : दिव्यांग व्यक्ती, पालक आणि रुग्णांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आरोग्य व दिव्यांग सेवा घेणाऱ्यांच्या हक्कांची अंमलबजावणी आणि तक्रारींसाठी एकच यंत्रणा

महोदय,

दोन खात्यांच्या नावे हे एकच पत्र आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आरोग्य खात्याकडे गेलो की "हा दिव्यांगांचा विषय आहे, तिकडे जा" असे सांगतात आणि दिव्यांग कल्याणकडे गेलो की "दवाखाना आमच्या अखत्यारीत येत नाही" असे ऐकावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी दवाखाना गाठावाच लागतो. तिथे अडवणूक झाली तर दाद कोणाकडे मागायची, हे मात्र आजही कोणी नीट सांगत नाही.

कायद्यात आमच्यासाठी पुष्कळ लिहिलेले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम २५ सांगते, की रुग्णालय सरकारी असो वा खासगी, त्याच्या प्रत्येक भागात दिव्यांगाला विनाअडथळा जाता यावे आणि तपासणीत व उपचारात त्याला प्राधान्य मिळावे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेच्या निकषांना नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला केंद्राला सांगितले.

आता तालुक्याच्या रुग्णालयाच्या दारात या. पायऱ्या तीन, उंची साधारण दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे उताराचे मान्य प्रमाण. म्हणजे इथे अठरा फुटांचा उतार हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला सहा-सात फुटांत सिमेंट ओतून काम उरकलेले असते आणि त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात. अशा उतारावरून चाकाची खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही आणि उतरताना ती माणसासकट उलटते. आत गेलो तर दिव्यांगांच्या शौचालयाला कुलूप, कारण तिथे फिनाईलचे कॅन आणि मोडक्या खाटा ठेवलेल्या. एक्स-रेचे टेबल इतके उंच, की बाईला दोन परक्या पुरुषांनी उचलून ठेवावे लागते. आमची मागणी अशी : प्रत्येक ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयाची सुगम्यता तपासणी करा, ती करताना चाकाची खुर्ची वापरणारे आणि अंध प्रतिनिधी सोबत घ्या, आणि अहवाल त्याच रुग्णालयाच्या फलकावर लावा. ठेकेदाराचे बिल काढण्याआधी उतार मोजला जावा.

दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात जास्त माणसे तिथेच खचतात. सेरेब्रल पाल्सी असलेला बारा वर्षांचा मुलगा कडेवर घेऊन आई पहाटेच्या एसटीने सिव्हिलला पोहोचते. आधी केसपेपरची रांग, मग हाडांच्या डॉक्टरांची. दुपारी कळते, की दुसरे तज्ज्ञ आज रजेवर आहेत, पुढच्या बोर्डाला या. तिचा रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि मूल दिवसभर ओल्या कपड्यांत राहते, कारण कपडे बदलायला जागाच नसते. म्हणून प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला, की तारखेबरोबर वेळही मिळावी. त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ नसतील तर आदल्या दिवशी फोन यावा. तालुक्याला ठरलेल्या तारखांना शिबिरे व्हावीत आणि अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी जाऊन व्हावी. बोगस प्रमाणपत्रे काढणाऱ्यांवर कडक कारवाई जरूर करा. त्यांनी आमच्याच ताटातले ओढले आहे. पण पडताळणीच्या नावाखाली, पाय कापलेल्या माणसाला पाय नसल्याचे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावू नका.

कर्णबधिर माणूस ओपीडीत बसतो, त्याचे नाव पुकारले जाते, त्याला ते ऐकू येत नाही आणि नंबर निघून जातो. यावर उपाय साधा आहे : नंबर दाखवणारा फलक लावावा. सांकेतिक भाषेचा दुभाषी प्रत्येक रुग्णालयात लगेच नेमता येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण जिल्ह्यासाठी एक दुभाषी व्हिडिओ कॉलवर मिळू शकतो, निदान प्रसूती, शस्त्रक्रिया आणि अपघाताच्या वेळी तरी. आणखी एक गोष्ट, तिला पैसा लागत नाही. "याला काय होतंय?" हा प्रश्न सोबतच्या माणसाला न विचारता रुग्णालाच विचारावा.

संमतीच्या बाबतीत आम्ही तसूभरही तडजोड करणार नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आल्या, आणि महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. स्वच्छता राखायला सोपे जावे, असे समर्थन तेव्हा दिले गेले. आज २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे, स्वेच्छेने व समजून दिलेल्या संमतीशिवाय, वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. तरीही कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेण्याची सवय सुटलेली नाही. संमतीपत्र मराठीत असावे, अंध व्यक्तीला ते पूर्ण वाचून दाखवावे, बौद्धिक दिव्यांगांसाठी चित्रांसह सोप्या भाषेत असावे, आणि ते कोणी समजावून सांगितले त्याचे नाव त्यावर लिहिलेले असावे. शासकीय गृहांतील निवासींवरील प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेला गृहाबाहेरच्या व्यक्तीची देखरेख हवी.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने दिलेला नामनिर्देशित प्रतिनिधीचा आणि पुनर्विलोकन मंडळाकडे जाण्याचा हक्क पहिल्याच दिवशी समजावून सांगावा. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांनाही २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्व मानले आहे. नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीसाठी जिल्ह्याला जावे लागू नये, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. आणि तो वेदनेने कळवळत असताना त्याला नाटकी म्हणू नये.

या साऱ्याच्या मुळाशी एकच मागणी आहे. खासगी रुग्णालयांसाठी राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे, तसेच तक्रार कक्ष व निःशुल्क फोन क्रमांक यांची तरतूद केली. सरकारी रुग्णालयांनाही तेच लागू करा आणि दिव्यांग सेवांसह एकच सनद काढा. न्यूझीलंडने १९९६ मध्ये आरोग्य आणि दिव्यांग सेवांसाठी मिळून दहा हक्कांची एकच संहिता लागू केली. तक्रारींसाठी तिथे स्वतंत्र आयुक्त आहे आणि तक्रारदाराला विनामूल्य साथ देणारे हक्क-सहायकही आहेत. आपल्याकडे दिव्यांग आयुक्तालय पुण्यात आहे. गडचिरोलीच्या माणसाने तिथे कसे पोहोचायचे? प्रत्येक सिव्हिलमध्ये एक पगारी हक्क-सहायक नेमा. तो रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या हाताखाली नसावा, त्याने तोंडी तक्रारही लिहून घ्यावी आणि तक्रारदाराला पोच द्यावी. तक्रार केली म्हणून पुढचा उपचार अडवला, तर त्यासाठी दंड असावा.

डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताईंवर आमचा राग नाही. भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेकडून सौजन्याची अपेक्षा करायची, तर तिला आधी माणसे द्या. रिक्त पदे भरणे हीसुद्धा आमचीच मागणी आहे.

दोन्ही खात्यांच्या सचिवांनी आमच्या प्रतिनिधींसोबत एकत्र बैठक घ्यावी. बैठक चाकाची खुर्ची जाईल अशा ठिकाणी असावी आणि तिथे दुभाषी असावा. या पत्रातल्या प्रत्येक मागणीवर होकार किंवा नकार, आणि नकार असल्यास त्याचे कारण, आम्हाला एका महिन्याच्या आत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्ती, पालक व रुग्ण यांच्या संघटनेचे सभासद