श्रद्धा वजा जाता उरलेली संहिता

‘आम्ही धर्म मानत नाही, पण ख्रिस्ताची शिकवण आम्हांला भावते’, हे वाक्य साताऱ्या-सांगलीकडच्या चर्चासत्रांत कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतेच. ते ऐकून सभेतला एखादा ख्रिस्ती प्राध्यापक कृतज्ञतेने मान हलवतो आणि विषय बदलतो. या सौजन्याला संवाद म्हणण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते संवाद टाळण्याची ही सर्वांत सभ्य रीत आहे. निधर्मी वाचकाने श्रद्धा वजा करून टाकलेली असते, श्रद्धावंताने ती वजाबाकी मुकाट्याने मान्य केलेली असते आणि ज्या ग्रंथाविषयी बोलायचे तो कोणीच उघडलेला नसतो.

नारायण वामन टिळकांचे आपण काय केले, ते पाहावे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एका वाचनाने माणसाचे घर, जात, संसार उलथून टाकला. वाचन-सिद्धान्ताची चर्चा करणाऱ्या आपल्या विद्यापीठीय वर्तुळाला याहून थेट उदाहरण मराठीत कोठे मिळणार? पण आपण टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ हे लडिवाळ बिरुद देऊन मोकळे झालो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तील विनोद आणि निर्मळ निवेदन यांवर पिढ्यान्पिढ्या लिहिले गेले. तो सारा संसार ज्या ग्रंथाने हलवला, त्याला मात्र आपल्या विवेचनात निमित्तकारणापलीकडे जागा मिळाली नाही. टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. पदव्युत्तर वर्गात त्याचे केवळ नाव सांगितले जाते.

त्याच १८९५ च्या जूनमध्ये गोपाळ गणेश आगरकर निवर्तले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा माणूस देवतांची कल्पना मानवी मनात कशी उपजली याची कठोर चिकित्सा करून गेला. एकाच वर्षी एकाने श्रद्धेत प्रवेश केला आणि अश्रद्धेचा सर्वांत प्रामाणिक मराठी प्रवक्ता गेला. पुढे टिळक आगरकरांच्याच सातारा जिल्ह्यात येऊन राहिले. या दोघांना समोरासमोर बसवणारी समीक्षा आपण लिहायला हवी होती. आपण एकाला वैचारिक गद्याच्या प्रकरणात आणि दुसऱ्याला आधुनिक कवितेच्या प्रकरणात ठेवून दोघांमधले भांडण मिटवून टाकले.

यावर असे म्हटले जाईल की साहित्यसमीक्षेने धर्मग्रंथाच्या सत्यासत्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. मान्य. पण दावा मान्य करणे आणि दाव्याची दखल घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची रचनाच पाहा. पूर्वजांना काय सांगितले गेले ते वक्ता आधी सांगतो, आणि लगेच प्रथमपुरुषी एकवचनात, स्वतःच्या अधिकाराने, त्यापलीकडचे काही उच्चारतो. हा आकृतिबंध खून, व्यभिचार, शपथ, सूड, शत्रू असा पुनःपुन्हा येतो. तो कोणत्याही ऋषीचा वा परंपरेचा आधार घेत नाही. सातव्या अध्यायाच्या शेवटी श्रोते चकित होतात तेही या अधिकारामुळेच. तेव्हा ‘शिकवण घेतो, शिकवणाऱ्याचा दावा सोडतो’ असे म्हणणारा वाचक संहितेचे व्याकरणच मोडतो. उरते ते एक सुभाषितसंग्रहासारखे काहीतरी, आणि सुभाषितांची मराठीला कधीच टंचाई नव्हती. ‘हा दावा मी समजून घेतला आणि मी तो नाकारतो’ असे म्हणणारा नास्तिक मला या सौम्य रसिकापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. त्याने निदान ग्रंथ वाचलेला असतो.

असे वाचन आपल्याकडे अशक्य आहे असेही नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे जडवादाचे प्रतिपादक, पण वैदिक वाङ्मयावर लिहिताना त्यांनी त्यातील श्रद्धेला बगल दिली नाही. तिची घडण, तिचा विकास, तिचे अंतर्विरोध त्यांनी शास्त्रीबुवांच्या काटेकोरपणाने मांडले. मग बायबलच्या वाट्याला ही चिकित्सा का येत नाही? माझे उत्तर कटू आहे. त्या ग्रंथाला आपण अजून मराठी ग्रंथ मानलेलेच नाही. ते पाहुण्याचे सामान आहे आणि पाहुण्याचे सामान उघडू नये असा शिष्टाचार आहे. मिरजेत, म्हणजे १९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा म्हणवणाऱ्या आजच्या सांगली जिल्ह्यात, डॉक्टर वॉनलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयाचे ऋण सगळेच मानतात. ख्रिस्ती माणूस म्हणजे दवाखाना आणि शाळा! सेवेचे आभार मानले की ग्रंथाशी वाद घालण्याची जबाबदारी संपते.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या वेळी हेच दिसले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षपदाला विरोध करणाऱ्यांनी त्यांचा झगा पाहिला. पाठराखण करणाऱ्यांनी बहुधा वसईच्या हिरवाईसाठी दिलेला लढा पुढे केला. ज्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, त्याचे मराठी कसे आहे, यावर मात्र फारसा वाद झडला नाही. झडायला हवा होता.

दोष एकाच बाजूचा नाही. ख्रिस्ती वक्ता अश्रद्धांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्यावर धर्मांतराच्या संशयाचे ओझे असते, हे खरे. पण त्या ओझ्याची तो ढालही करतो. प्रश्न अवघड झाला की ‘हा श्रद्धेचा विषय आहे’ असे म्हणून तो उठतो. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, कबरेपासून भयाने पळणाऱ्या आणि कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशी, थांबते. पुढची बारा वचने तेथे नाहीत. ही गोष्ट नास्तिकाने उकरून काढण्याआधी श्रद्धावंतानेच टेबलावर का ठेवू नये? अशा थबकलेल्या शेवटावर श्रद्धा उभी राहू शकते की नाही, हाच तर बोलण्यासारखा प्रश्न आहे.

आणि श्रद्धावंतांमध्ये आपापसांतही काही कमी मतभेद नव्हते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या मराठी बायबलांतील वेदान्ताचा वास असलेले शब्द त्यांना खुपत होते. टिळक नेमके उलट दिशेने गेले: तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीने अभंगाचीच भाषा उचलली. शब्द आपला पूर्वजन्म विसरतो का, हा येथला प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायला बाप्तिस्मा लागत नाही. मराठी यावी लागते. १९१७ साली मिशन सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही बसायला जागा ठेवली होती. ते शिष्यांसाठी होते, नास्तिकांसाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही दाराच्या रुंदीबद्दल मिशनशी भांडण करणारा माणूस आपल्याच गावात राहत होता, आणि त्याच्या अभंगांवर टिपणे लिहिताना आपण विद्यार्थ्यांना ‘भक्तिभाव’ एवढाच एक शब्द देतो.