लोटा, द्राक्षे आणि सावली

मुलगी आठवीत गेली की बऱ्याच घरांत तिची रंगपेटी माळ्यावर जाते. अभ्यास वाढला, असे कारण सांगितले जाते. काही घरांत मनातला प्रश्न वेगळाच असतो : चित्र काढणे आपल्यात चालते का? दोन्ही गोष्टींवर या महिन्यात बोलू.

आधी दुसरी. सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पण चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली, ही रिवायत सहीह बुखारीत आहे. लोटा, पेला, फळे मांडून जे काढतात त्याला स्थिरचित्र म्हणतात. म्हणजे ज्या घरात शंका आहे, तिथेही ही वाट मोकळी आहे.

आता अभ्यासाचे. राज्याचे कला संचालनालय शालेय मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. एलिमेंटरीत वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्र. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणही मिळतात. चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कला विद्यालयात शिकले आणि तिथून १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. प्रत्येक मूल रझा होणार नाही, पण नीट पाहायला शिकलेले मूल भूमितीत आणि विज्ञानाच्या आकृत्यांत मागे राहत नाही.

जुन्या नाशकात आम्ही काही शिक्षिका सुट्टीच्या दिवशी जोहरनंतर मुलींना घेऊन बसतो. सोबत अम्मी, खाला, भाभीही येतात. सामान घरचेच : तांब्याचा लोटा, एक वाटी, द्राक्षांचा घड किंवा दोन कांदे. तांब्याच्या भांड्यांसाठी आणि द्राक्षांसाठी नाशिककरांना लांब जावे लागत नाही. प्रत्येकीला कागद, पेन्सिल, खोडरबर, जलरंगांची छोटी पेटी आणि एक गोल ब्रश पुरतो.

वस्तू खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. एक उंच, एक बुटकी, एक लहान, आणि थोडी एकमेकींच्या आड. आधी पुसट उभी मधली रेघ काढा. लोट्याच्या दोन्ही बाजू तिच्यापासून सारख्या अंतरावर आल्या की लोटा वाकडा होत नाही. लोट्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणून हात पूर्ण गोल काढतो. प्रत्यक्षात ते लांबट, दबलेले दिसते. बूड सरळ रेघेचे नसते, तेही वळते, आणि डोळ्यापासून अधिक खाली असल्याने तोंडापेक्षा थोडे जास्त गोल दिसते. माहीत असलेले बाजूला ठेवून दिसते तेच काढायचे, हाच सगळा धडा.

रंग फिक्यापासून गडदाकडे न्या. चमकणाऱ्या जागी कागद कोरा सोडा. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. सावली निव्वळ काळ्या रंगाने भरली तर चित्र मळकट होते. निळ्यात थोडा तपकिरी मिसळा. भांड्याच्या बुडाशी सावली गडद असते, लांब जाताना फिकट होते. सावलीचा हिशेब आपल्या घरांना नवा नाही, असरची वेळ आपण सावलीच्या लांबीवरूनच ओळखत आलो. उजेड सरकतो, म्हणून सावलीची कड सुरुवातीलाच आखून घ्यावी.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारे वाक्य, "हमसे नहीं होगा." ते मुली म्हणत नाहीत, मोठ्या बायका म्हणतात. आम्ही त्यांना घाई करत नाही. एकच लोटा दहा जणींनी काढला तर दहा वेगळे लोटे होतात, कारण प्रत्येकीची बसायची जागा वेगळी. हे कागद शेजारी ठेवले की आपला चुकला, हिचा बरोबर, असे कोणी म्हणत नाही. तू तिकडून बसली होतीस ना, असे म्हणतात.

अम्मी शेजारी बसून पेन्सिल धरते, तेव्हा मुलीची रंगपेटी माळ्यावर जात नाही. मुलगी आठवी-नववीत असेल तर तिच्या शाळेतल्या कलाशिक्षकांना भेटा, परीक्षेचा अर्ज कधी भरायचा ते विचारा. आणि अर्ज भरण्याआधी एखाद्या दुपारी लोटा खिडकीत ठेवून दोघी बसा.