उच्चार शुद्ध, स्वत्व अभंग

नोकरीसाठी इंग्रजी उच्चार सुधारू पाहणाऱ्या प्रौढांचा हेतू रास्तच आहे. प्रश्न आहे तो त्यांना शिकविणाऱ्यांनी कोणते उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवावे, हा.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हेही त्यामागील एक कारण मानले गेले. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी भाषेचे निकष ठरविले. ते २००८ पासून लागू झाले. त्यांतील सहा कसोट्यांपैकी एक उच्चाराची आहे. मात्र उच्चारावरील मातृभाषेची छाप तेथे दोष ठरत नाही. ती आकलनाच्या फारशी आड येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

जेथे एका शब्दावर शेकडो प्राण अवलंबून असतात, तेथे एवढे पुरते. मग दूरध्वनीवर ग्राहकाची तक्रार ऐकणाऱ्या मराठी तरुणाने अमेरिकी हेल का काढावा? कॉल सेंटरांच्या भरभराटीच्या काळात आपल्या मुलामुलींना हेलाबरोबर परकी नावेही घ्यावी लागली. आता तर बोलता बोलताच हेल बदलणारी संगणकप्रणाली आली आहे. आधी नाव गेले, आता आवाजही उसना! याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. हा न्यूनगंडाचा व्यापार आहे.

खरे प्रशिक्षण वेगळे असते. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसट असतो; इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज, तर ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘रेकॉर्ड’च्या पहिल्या अक्षरावर आघात दिला की ते नाम होते, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. मराठीत आघाताने असा अर्थ पालटत नाही, म्हणून तो कानाला आणि जिभेला मुद्दाम शिकवावा लागतो. प्रौढ वयातही नित्य सरावाने हे साधते.

हा विचार भारताला नवा नाही. उच्चारशास्त्राला ‘शिक्षा’ हे नाव देऊन वेदांगांत स्थान देणारा हा देश आहे. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली वर्ण, स्वर, मात्रा, बल यांचा विचार करते. त्या परंपरेच्या वारसांनी परभाषाही नेमकेपणाने बोलावी, पण आपल्या नावाने आणि आपल्या आवाजात. इंग्रजी हे साधन आहे. त्यासाठी स्वत्व गहाण टाकण्याचे कारण नाही.